बामियानच्या भग्नावशेषांची साक्ष

अफगाणिस्तानात हिंदुकुश पर्वतराजीत, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर वसलेल्या बामियानच्या खोऱ्यात आज बुद्धमूर्तींच्या जागी दोन रिकामे कोनाडे आहेत. ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या या मूर्ती मार्च २००१मध्ये तालिबानने स्फोटकांनी उद्ध्वस्त केल्या. मात्र, उरलेल्या अवशेषांनीच त्यांचा इतिहास अधिक स्पष्ट केला आहे.

मूर्तींचे मूळ शरीर कड्यात कोरलेले होते. चीवराच्या चुण्या मात्र त्यावर मातीच्या गिलाव्याने घडविल्या होत्या. त्या मातीत मिसळलेल्या काडासारख्या सेंद्रिय घटकांमुळे कालनिर्णय शक्य झाला. म्युनिक येथील संशोधकांनी २०११मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार, कार्बन चाचणीत लहान मूर्ती इ.स. ५४४ ते ५९५, तर मोठी इ.स. ५९१ ते ६४४ या काळातील ठरली. म्हणजेच सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग येथे आला, तेव्हा मोठी मूर्ती फारशी जुनी नव्हती.

कड्यातील काही गुंफांतील सातव्या शतकातील भित्तिचित्रांत तैलरंग वापरल्याचे २००८मध्ये उघड झाले. युरोपात तैलचित्रकला रुजण्याच्या कित्येक शतके आधीचे हे तंत्र होय.

युनेस्कोने २००३मध्ये या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि त्याच वेळी तो धोक्यातील वारसाही ठरविला. मूर्ती पुन्हा उभाराव्यात की कोनाडे रिकामेच ठेवावेत, यावर मतभेद आहेत. तालिबान २०२१मध्ये पुन्हा सत्तेवर आल्याने चिंता वाढली. पुनर्बांधणी होवो अथवा न होवो, मातीच्या या तुकड्यांचे जतन झाले नाही, तर उरलेली साक्षही कायमची पुसली जाईल.