ड्यूटी संपल्यावरचा थकवा

रुग्णसेवा करणाऱ्यांचा थकवा नुसत्या झोपेने जात नाही. अतिदक्षता विभागातली परिचारिका घरी येते, पण बेडवरचा पेशंट डोक्यातून हलत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने कोविडकाळात यावर कलोपचाराचा प्रयोग केला. आरोग्य कर्मचाऱ्यांचे गट, 12 आठवडे, दर आठवड्याला 90 मिनिटं. लेखन, चित्र, संगीत किंवा नृत्य. अशी सत्रं न मिळालेल्यांच्या तुलनेत सहभागींची चिंता, नैराश्य आणि भावनिक थकवा कमी झाला. नोकरी सोडण्याचा विचारही मागे पडला.

त्याआधी, 2016 मध्ये, फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. 39 प्रौढांना 45 मिनिटं चिकणमाती, मार्कर आणि कोलाजचं साहित्य दिलं. आधी आणि नंतर लाळ तपासली. सुमारे 75 टक्के जणांत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, उतरलेलं आढळलं. हात चित्रकलेला सरावलेला असो वा नसो, फरक पडला नाही. अर्थात प्रयोग छोटा होता, तुलनेला दुसरा गटही नव्हता. तेव्हा लगेच हुरळून जाऊ नये. आणि हो, सत्र ड्यूटीच्या वेळेतच हवं. डबल पाळी करून आलेल्याला ‘बसा, आता चित्र काढा’ म्हणणं हा छळ झाला.