काळ्या रानातील मोटारसायकल : धुणे व निगा

सोलापूर हा प्रामुख्याने रब्बी ज्वारीचा जिल्हा होय. येथे पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो व त्याच सुमारास पेरणीसाठी शेतावरील खेपा वाढतात. पूर्वी या खेपा बैलगाडीने अगर सायकलीने होत. आता त्या बहुतांशी मोटारसायकलीने होतात. वाहन बदलले, तरी पाणंदीतील चिखल तोच राहिला आहे. आपली गाडी नव्यासारखी दिसावी, ही हौस रास्तच आहे. परंतु गाडी धुणे हे केवळ शोभेचे काम नसून तपासणीचेही काम आहे, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे.

चिखलाचा गुणधर्म

मंगळवेढे, बार्शी आदी तालुक्यांतील भारी काळी माती ओली झाली म्हणजे फुगते व चिकटते. वाळली म्हणजे आकसून कठीण होते. चाक व मडगार्ड यांमध्ये ती साचली की चाक जखडते. इंजिनाच्या पात्यांवर तिचा थर बसला तर हवेने थंड होणारे इंजिन अधिक तापते. थराखाली ओल टिकून पत्रा गंजतो. यास्तव चिखल वाळू न देता त्याच दिवशी काढावा. डांबरी सडकेला लागण्यापूर्वी चाकांतील चिखल काठीने काढून टाकावा आणि मागील दिवा व आरसे पुसून घ्यावेत. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात; चिखलाने झाकलेला दिवा अशा वेळी जिवावर बेतू शकतो.

धुण्याची रीत

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये.

२. प्रथम पाणी शिंपडून चिखल भिजवावा व तो आपोआप सुटू द्यावा. कोरडा चिखल घासल्यास त्यातील बारीक कणांनी रंगावर ओरखडे पडतात.

३. सौम्य साबण व मऊ फडके वापरावे. धुण्याचा सोडा व तारेची घासणी वर्ज्य करावी.

४. पंपाच्या पाण्याचा जोरदार झोत चाकांची बेअरिंगे, दिव्यांची बटणे, एअर फिल्टर व सायलेन्सरचे तोंड यांवर मारू नये.

५. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास ते वाळून पांढरे डाग पडतात. म्हणून गाडी लगेच कोरड्या फडक्याने पुसावी.

चकाकीसाठी डिझेल फवारण्याची पद्धत आढळते. डिझेलने रबरी भाग फुगतात व त्यावर धूळ अधिक बसते. ती पद्धत सोडावी. तसेच नदी, कालवा अगर जनावरांच्या हौदाजवळ गाडी धुऊ नये.

खते व औषधे

युरिया हवेतील ओल शोषून घेतो व लोखंड गंजवितो. डाळिंबावर फवारावयाच्या बोर्डो मिश्रणातील मोरचूदही लोखंड खातो. अशा वस्तू नेताना गाडीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा व सांडलेले द्रव्य त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवावे.

धुतल्यानंतर

ब्रेकमध्ये पाणी शिरल्यास ब्रेक लागत नाहीत. म्हणून मोकळ्या जागी गाडी सावकाश चालवून ब्रेक हलके दाबीत राहावे व ते पूर्ववत लागू लागल्यावरच सडकेवर जावे. ब्रेकला तेल कदापि लावू नये.

इंजिन बंद ठेवून चेन रॉकेल व ब्रशने साफ करावी. ती कोरडी झाल्यावर ९० नंबरचे गिअर ऑइल लावून जादा तेल पुसावे. चेन सुरू असताना तिला फडके लावल्यास बोटे जातात. चेनचा सैलपणा सामान्यतः सुमारे २ ते ३ सेंटिमीटर असतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील माप प्रमाण मानावे. एअर फिल्टर स्पंजचा असल्यास साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेलात बुडवून व पिळून बसवावा. कागदाचा असल्यास धुऊ नये, मळल्यावर बदलावा.

फडके फिरविताना सैल नट, गळते तेल, तुटकी आरी, चिरलेला टायर हे दोष सहज दिसतात. वेळीच दिसलेला दोष थोडक्या खर्चात दुरुस्त होतो. ऐन पेरणीत बंद पडलेली गाडी मात्र वाफसा गमावण्यास कारण ठरते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बी हंगामापूर्वीच्या सभेत एका गाडीवर ही सर्व रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले काम अधिक लक्षात राहते.