डुकराचे चापे : खिडकी उघडी ठेवून शिजवा

मागच्या हिवाळ्यात साकोलीच्या आमच्या वस्तीत एका घरी आजीचं बीपी तपासायला गेले होते. त्या घरची पोरगी पुण्याला कंपनीत नोकरीला आहे, सुट्टीत आली होती. मैत्रिणींसोबत गोव्याला जाऊन आल्यापासून तिच्या जिभेवर एक चव बसली होती. डुकराचे चापे, मिरी-लसणाचे, आंबटगोड, वर भाजलेल्या अननसाची फोड. तेच तिला आजीला करून घालायचं होतं. मटण आणलेलं, पाट्यावर मसाला वाटायला घेतलेला. इतक्यात तिची आई उठली आणि खिडकी लावून घेतली.

"वास जाते ना बायेर. लोक म्हणतीन, यायच्या घरी डुक्कर शिजते."

पोरगी हसली. मला हसू आलं नाही, कारण या बंद खिडकीमुळे होणारं नुकसान मी नर्स असताना पाहिलं आहे. ज्या मटणाची लाज वाटते ते माणूस अंधार पडल्यावर आणतो, काळ्या पिशवीत घेतो, उजेडात उलटून पाहत नाही. घरी घाईघाईत शिजवतो आणि शेजाऱ्याला कळू नये म्हणून लवकर संपवतो. मटण निवडताना आणि शिजवताना ज्या गोष्टी पाहायच्या असतात, त्या सगळ्या या घाईत राहून जातात.

लाजेचं आधी बोलून घेऊ. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, आणि आपल्या आजा-पणजांनी ते सोडलं. तो निर्णय मानाचा होता आणि आरोग्याचाही होता. पण मेलेलं जनावर खाणं वेगळं आणि डोळ्यांसमोर कापलेलं, ताजं, तपासलेलं मटण वेगळं. विनयपिटकात भिक्खूंना दहा प्रकारचं मांस वर्ज्य सांगितलं आहे. त्यात माणूस, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल, तरस येतात. डुक्कर त्या यादीत नाही. चुंद लोहाराने तथागतांना दिलेल्या शेवटच्या भोजनातलं 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचं मांस की अळिंबीसारखं काही, यावर विद्वान अजून वाद घालतात. ज्यांना खायचं नाही त्यांनी खाऊ नये, त्यात वाद नाही. पण जे खातात त्यांनी चोरून का खावं? मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली लिहिलं, ते याच लाजेला उत्तर आहे. त्याच वर्षी राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि वस्तीतल्या कितीतरी घरांचं स्वस्त मटण ताटातून गेलं. तेव्हा डुकराचं मटण पुन्हा विचारात घेण्यासारखं आहे.

त्यात मिळतं काय? चरबी काढलेल्या शंभर ग्रॅम कच्च्या मटणात साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे कोंबडीच्या जवळपास. बी-1 जीवनसत्त्व बाकी कोणत्याही मटणापेक्षा जास्त. आपल्या भंडारा जिल्ह्यात तिन्ही त्रिकाळ भात खातात, तोही गिरणीत पांढराशुभ्र केलेला, आणि त्या पॉलिशमध्ये नेमकं हेच जीवनसत्त्व कोंड्यासोबत निघून जातं. लोहही मिळतं, आणि मटणासोबत पालेभाजी खाल्ली तर भाजीतलं लोहसुद्धा अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नका, तो लोह अडवतो. (सिकलसेलच्या रुग्णांनी हे वाचून लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. डॉक्टरांना विचारा.)

आता भीतीची गोष्ट. मी नोकरीत असताना पंधरा-सोळा वर्षांची एक पोरगी फिट येऊन दाखल झाली. घरच्यांनी दोन महिने मांत्रिकाकडे घालवले होते. अंगात येतं म्हणून तिला धूर दिला होता, मारलंही होतं. नागपूरला सीटी स्कॅन झालं तेव्हा मेंदूत पट्टकृमीच्या अळीची गाठ निघाली. डॉक्टरांनी डुकराचं नाव काढलं तशी तिची आई ओरडली, "आमी तं माळकरी मानसं, अंडंबी नाई खात!" ती खरं बोलत होती आणि डॉक्टरही खरं बोलत होते.

हे नीट समजून घ्या, कारण शिकलेल्या लोकांचाही इथे गोंधळ होतो. डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या असतील आणि ते कच्चं राहिलं, तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. तो दोन-तीन मीटर किंवा त्याहून लांब होतो. पुष्कळदा त्या माणसाला काही त्रास होत नाही, फार तर पोट दुखतं, शौचात पांढऱ्या चपट्या फितीचे तुकडे पडतात. पण त्याच्या शौचातून हजारो अंडी बाहेर येतात. तो उघड्यावर बसला, किंवा हात न धुता त्याने पीठ मळलं, तर ती अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात. नाल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या सांबाराच्या जुडीतूनही जातात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तातून मेंदूत पोहोचतात आणि फिट येऊ लागते. म्हणजे मेंदूतली गाठ मटण खाऊन होत नाही, माणसाच्या विष्ठेतून होते. त्या माळकरी घरातल्या पोरीला ती कुणाच्या तरी न धुतलेल्या हातातून मिळाली. जिथे मोकळी डुकरं आणि माणसं एकत्र राहतात अशा अनेक भागांत मिरगीच्या दहा रुग्णांपैकी तिघांना ती याच कृमीमुळे झालेली असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उपचार आहे. पण फितीचे तुकडे दिसले म्हणून दुकानातून जंताची गोळी आणून खाऊ नका. शाळेत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला देतात त्या एका गोळीने हा कृमी खात्रीने जात नाही. शिवाय मेंदूत गाठ आधीच असेल तर औषधाने फिट वाढू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊनच औषध घ्या. आणि फिट आलेल्या माणसाला चप्पल-कांदा हुंगवू नका, दातात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि वेळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा.

तर आता चापे. मटण दिवसा घ्या, उजेडात. चापा म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा, हाडासकटचा जाड तुकडा. खाटकाला बोटभर जाडीचा कापायला सांगा. गुलाबी रंग, घट्ट स्पर्श आणि आंबूस वास नसणं, या तीन गोष्टी पाहा. मांसाच्या धाग्यांत भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके, पाण्याने भरलेले दाणे दिसले तर ते मटण घेऊ नका, दाणे काढून टाकून उरलेलंही नको. पण थोड्याच अळ्या असतील तर त्या डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून शिजवण्यात कसूर नको. स्वस्तात मिळतं म्हणून आजाराने मेलेलं डुक्कर घेऊ नका. आजा-पणजांनी जे सोडलं ते आपण काळ्या पिशवीतून परत आणायचं काय? नागझिऱ्याच्या बाजूने कुणी रानडुकराचं मटण आणून दिलं तरी नाही म्हणा. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या मांसाची कोणतीच तपासणी झालेली नसते.

त्या दिवशी आम्ही एक किलो चापे घेतले होते. वरची चरबीची पट्टी करंगळीच्या निम्म्या जाडीची ठेवली, बाकी काढली. आजीचं बीपी 160 च्या वर होतं, म्हणून मीठ सपाट दीड चमचाच. चव आंबटाने आणि मसाल्याने भरून निघते. पंधरा पाकळ्या लसण, दोन बोटं अद्रक, दोन चमचे धने, एक चमचा काळी मिरी, अर्धा चमचा शहाजिरं, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर दगडफूल, सहा भिवापुरी मिरच्या आणि अर्धा चमचा हळद, हे सगळं पाट्यावर वाटलं. गोव्यात यात नारळाच्या माडीपासून केलेलं व्हिनेगर घालतात. आपल्याकडे चिंचेचा घट्ट कोळ आहे, तो दोन चमचे आणि लहानसा गुळाचा खडा. गावरान डुकराचं मटण चिवट असतं, म्हणून सालीसकट वाटलेली कच्ची पपई दोन चमचे. पपईतला चीक मांसाचे धागे सैल करतो. पण दोन तासांच्या वर ठेवली तर मटणाचा लगदा होतो. गरोदर बाई जेवणार असेल तर पपईऐवजी दही घाला.

मसाला लावून झाकून ठेवायचं ते फ्रीजमध्ये. फ्रीज नसेल तर हिवाळ्यात एक तास सावलीत चालेल. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा अर्ध्या तासातच चुलीवर चढवा. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर कांदा-टमाटर कापू नका. मटण भिजवून उरलेला मसाला तसाच चाटूही नका, रश्श्यात उकळा.

कढईत तेल घातलं नाही. चापे चरबीच्या बाजूने उभे लावले, मंद आचेवर पाच मिनिटांत त्यांचंच तेल सुटलं. त्यात दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं लालसर केल्या. मग अर्धी वाटी पाणी, वर झाकण, झाकणावर पाणी, आणि चाळीस मिनिटं मंद आच. इथेच पोरीची घाई सुरू झाली. गोव्यात तिने आतून किंचित गुलाबी चापा खाल्ला होता, मऊ लागतो म्हणे. तपासणी झालेलं मटण आणि हाताशी थर्मामीटर असेल तर तो वेगळा विषय. आपल्याकडे मांसाच्या मधोमध 70 अंशांच्या वर उष्णता पोहोचलीच पाहिजे. हाडाजवळ सुरी खुपसून पाहायचं : गुलाबी रंग राहिला नाही, रस पाण्यासारखा स्वच्छ निघाला, मांस हाड सोडायला लागलं, की झालं. वेळ नसेल तर कुकरमध्ये शिटीनंतर पंधरा मिनिटं बारीक आचेवर ठेवा आणि मग कढईत परतून घ्या.

साकोलीत त्या दिवशी अननस मिळाला नाही. आजीने पेरू सुचवला. अर्धवट पिकलेल्या पेरूच्या फोडी कढईतल्या तेलात भाजून वर लावल्या, आणि खरं सांगते, अननसाची आठवण कुणालाच झाली नाही. उन्हाळ्यात कैरी घालून पाहा. कढईत उरलेली चरबी मात्र भातावर ओतू नका. तिचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग हृदयाच्या नसांना जड असतो. बीपी, शुगर, हृदयविकार असेल त्यांनी एकच चापा, तोही आठवड्यातून एकदा.

दोन शब्द डासांचे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढतो आणि धानाच्या बांधीत पैदा होणाऱ्या डासांकडून माणसात येतो, मटणातून नाही. वस्तीत मोकळी फिरणारी डुकरं आणि तुंबलेल्या नाल्या यांची तक्रार नगरपरिषदेत लेखी द्या, पोचपावती घ्या. लहान लेकरांच्या लसीचं आशाताईंना विचारा.

आजीने एक चापा खाल्ला, दुसरा मागितला. मी नको म्हणाले तर म्हणाली, "नर्सबाई, तू जा तुझ्या घरी." तोवर घरात धूर इतका कोंडला होता की आईनेच उठून खिडकी उघडली. दहा मिनिटांत शेजारची बाई दारात उभी, हातात वाटी.