रेघ पुसता येते तोवर

घराचा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी तो कुटुंबाच्या संवादातून उमटावा. आज सहज जिना चढणारे आई-वडील उद्या थकतील. म्हणून एक शयनगृह व स्नानगृह तळमजल्यावर असावे, दारे ३ फूट रुंद, उंबरठा जमिनीलगत. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाने भोजनाच्या जागेस पश्चिमेची खिडकी ठेवावी. उन्हासाठी वर छज्जा काढावा. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १०० लिटर पाणी येते. त्याच्या टाकीची जागा पाया खोदतानाच ठरवावी. बांधलेली भिंत फोडून दार रुंद करणे कष्टाचे व खर्चाचे. कागदावरील रेघ मात्र सहज पुसता येते. ती पुसता येते तोवरच वडीलधाऱ्यांना विचारावे, "आपणांस येथे काय हवे?"