सातपुडा जिथे नर्मदेत उतरतो

नंदुरबारच्या उत्तरेला नर्मदा विंध्य आणि सातपुडा यांमधल्या खचदरीतून पश्चिमेकडे वाहते. काठाला सपाट जमीन थोडीच. म्हणून अक्राणीतले पावरा, भिल्ल बांधव दाटीने गावठाणात राहत नाहीत. ज्याचे घर त्याच्या शेताजवळ, टेकडीवर. कागदावर एक गाव, पायी मात्र कितीतरी पाडे.

सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर झाली. पाणी नाल्यानाल्यांतून आत शिरले, जुन्या पायवाटा बुडाल्या. गंमत पाहा, खाली एवढा जलाशय, पण काळ्या खडकाच्या उतारावर पाऊस थांबत नाही. उन्हाळ्यात बाया झऱ्यासाठी दरी उतरतात. आजाऱ्याला आजही झोळीतून आणतात. त्यामुळे आरोग्य शिबिर ठरवताना आम्ही किलोमीटर विचारत नाही, वाटेत चढ किती ते विचारतो.