टाकाऊ चहाचा अर्क

शारीरिक चाचण्या जवळ आल्या की छात्रांचे प्रश्न बदलतात. रसायनशास्त्राच्या तासाला मला या वेळी विचारलं गेलं, "सर, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्या तर वजन उतरतं का? आणि हा अर्क चहाच्या कचऱ्यातून काढतात म्हणे, ते खरं का?" प्रश्न दोन्ही रास्त आहेत. आधी कचऱ्याचं पाहू.

आपण राहतो चेन्नईत, म्हणून उदाहरण निलगिरीचं घेतो. कुन्नूर-कोटागिरीकडच्या कारखान्यांत खुडलेली पानं आधी सुकवून मऊ करतात, दातेरी रोळांतून चिरडतात, हवेवर तांबूस होऊ देतात, मग वाळवून चाळतात. चाळताना देठ आणि तंतू वेगळे काढायला विद्युतभारित रोळ असतात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तोच हा प्रकार. असे तंतू, देठांचे तुकडे, यंत्राभोवती साचणारी हलकी भुकटी आणि जमिनीवरची झाडलोट, हा सगळा टाकाऊ चहा. तो रंग लावून पुन्हा बाजारात येऊ नये म्हणून केंद्र सरकारने १९५९ साली त्यावर नियंत्रण आदेश काढला. चहा मंडळाच्या परवान्याशिवाय त्याचा व्यवहार करता येत नाही.

मग तो घेतं कोण? मुख्यतः कॅफीन काढणारे. देठातंतूंतही कॅफीन असतं. ते वेगळं करून शीतपेयांत आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांत वापरतात. त्याखेरीज या कचऱ्यात पॉलिफेनॉल नावाची संयुगं उरलेली असतात आणि संशोधकांचा डोळा आता त्यांच्यावर आहे. मात्र हिरव्या पानातली कॅटेचिनं काळा चहा होताना बहुतांशी बदलून जातात. त्यांतूनच चहाला लाल-तपकिरी रंग देणारी थिआफ्लेविनं वगैरे बनतात. म्हणजे काळ्या चहाच्या कचऱ्याचा अर्क आणि ग्रीन टीचा अर्क या एकच वस्तू नव्हेत. डबीवर नुसतं 'चहाचा अर्क' लिहिलेलं असेल तर आत नेमकं काय आहे, ते त्यावरून कळत नाही.

या संयुगांचा स्वभाव पाहायचा असेल तर प्रयोगशाळेत या. कोऱ्या चहात फेरस सल्फेटचे दोन-चार स्फटिक टाकले की चहा शाईसारखा काळा पडतो. पॉलिफेनॉल लोहाला धरून बसतात. प्रथिनांनाही ते असेच चिकटतात, म्हणून कडक चहाने जीभ कोरडी पडते. आपल्या अड्यारमध्ये केंद्रीय चर्मसंशोधन संस्था १९४८ पासून आहे. झाडांच्या साली आणि हिरडा वापरून कातडं कमावण्याच्या जुन्या पद्धतीमागेही हेच रसायन आहे.

आता औषधी गुण. परीक्षानळीत हे अर्क ऑक्सिडीकरण रोखतात, काही जंतूंची वाढ थांबवतात. पण परीक्षानळी म्हणजे पोट नव्हे. गिळलेल्या कॅटेचिनांपैकी फार थोडी रक्तात पोचतात. माणसांवर चाचण्या होऊन मान्यता मिळाल्याचं एक पक्कं उदाहरण आहे: विशिष्ट विषाणूमुळे होणाऱ्या चामखिळींवरचं ग्रीन टीच्या अर्काचं मलम. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २००६ मध्ये परवानगी दिली. ते त्वचेला लावायचं आणि तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

वजनाचं काय? २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. जास्त वजनाच्या प्रौढांत ग्रीन टीमुळे झालेली घट इतकी किरकोळ होती की तिला वैद्यकीयदृष्ट्या महत्त्व नाही. उलट धोका खरा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं की ग्रीन टी पिणाऱ्यांच्या पोटात ईजीसीजी हे मुख्य कॅटेचिन दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं. पूरक गोळ्यांतून ८०० किंवा अधिक गेलं तर यकृतावर ताण पडल्याची लक्षणं रक्तात दिसतात. हे आकडे प्रौढांचे आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाने उपाशीपोटी अशा कॅप्सूल घेऊन मैदानावर धावावं, हे मला मुळीच मान्य नाही. कोणाच्या ट्रंकेत डबी असेल तर ती वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी. रागावणार नाही कोणी.

खेळाडू छात्र आणखी एक विचारतात: कॅफीन चालतं का? २००४ पासून ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत नाही, पण त्याच्या वापरावर तिची नजर असते.

पालकांसाठी त्या काळ्या पडलेल्या चहाचा अर्थ सांगतो. किशोरवयीन मुलामुलींना शाळांतून आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. सुट्टीत मुलं घरी आली की ती गोळी चहाबरोबर देऊ नका, जेवणालगत चहाही नको. निदान तासाभराचं अंतर ठेवा. गोळी लिंबूपाण्याबरोबर दिलीत तर लोह अधिक चांगलं शोषलं जातं.