किरणांचा धोका आणि गोठ्यातली गाय

कारखान्याच्या अंकात अणुशक्तीचा विषय कशाला, असं काही सभासद बंधू म्हणतील. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या शेतात ऊस आहे, तशी दारात एखादी गाय-म्हैसही आहे. म्हणूनच हे लिहितो आहोत.

२६ एप्रिल १९८६ रोजी पहाटे तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरातली माणसं हलवली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. वाऱ्याबरोबर गेलेलं किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसलं, गवतातून गाईच्या दुधात उतरलं आणि दुधातून पोरांच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत साठलं. २००५ सालापर्यंत त्या भागात, अपघाताच्या वेळी लहान असलेल्यांमध्ये थायरॉईड कर्करोगाचे ६ हजारांवर रुग्ण नोंदले गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांना तो दुधातूनच आला. शेजारच्या पोलंडने मात्र काही दिवसांतच गाई चरायला सोडणं बंद केलं, मुलांना दूध पावडर दिली, सुमारे १ कोटी मुलांना आयोडीनचा डोस पाजला.

हे आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मं होतं. म्हंजे जपायचे ते पहिले काही आठवडे. तशी सूचना आलीच, तर जनावरं गोठ्यात बांधावीत, झाकलेला कडबा घालावा. उघड्यावरचं वाढं, हिरवा चारा नको. हौद, विहीर झाकावी. तपासणी होईतो दूध पोरांना देऊ नये, डेअरीलाही घालू नये. उकळून ते शुद्ध होत नाही. दुधाचा खाडा पडला की घरखर्च अडतो, हे आम्ही जाणतो. इंग्लंडात १९५७ साली विंडस्केलच्या आगीनंतर सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून दिलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांना भरपाई मिळाली होती.

माणसांनी घरात जावं, दारं-खिडक्या लावून रेडिओ ऐकावा. बाहेरून आलेल्यानं वरचे कपडे दाराशीच उतरवून पिशवीत बांधावेत, साबणानं अंघोळ करावी. गाव सोडा म्हटल्याशिवाय पळापळ नको; पक्कं छप्पर उघड्या रस्त्यापेक्षा बरं. आयोडीनची गोळी सरकारी माणूस सांगेल तेव्हाच घ्यावी. जखमेवरचं टिंक्चर कुणी पिऊ नये, ते विष आहे.

आपल्या राज्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. त्याच्या भोवतीच्या १६ किलोमीटरच्या टापूसाठी आपत्कालीन आराखडा आखलेला असतो. त्या बाजूला ज्यांच्या लेकी दिल्या आहेत, त्यांनी हा अंक तिकडे जरूर पाठवावा.